मेरठचा चार तुकड्यांचा सीझन बॉल : शॅकलटनच्या वाटेनं जाणाऱ्या बोलरसाठी

ज्याला दोन ओव्हरमध्ये दांड्या उडवून मोकळं व्हायचं आहे त्यानं टेनिस बॉलवरच राहावं. पण ज्याच्याकडे मध्यम वेग आहे, अंगात दम आहे आणि एका टप्प्यावर तासन्‌तास टाकायची तयारी आहे, त्यानं मेरठचा हातशिलाईचा, चामड्याचे चार तुकडे जोडून केलेला लाल बॉल डोळे झाकून घ्यावा. (वर नाव घेतलेला शॅकलटन हा असाच एक जुना इंग्लिश बोलर, त्याची गोष्ट पुढं येतेच.) यवतमाळच्या दुकानात साडेपाचशेला एक पडला. शाळेतल्या पोट्ट्यांसाठी आणि गावच्या टीमसाठी मीच आणतो. आमचं ग्राउंड दारव्ह्याच्या इकडे : काळी माती, त्यावर मुरूम दाबलेला, वर काथ्याची मॅट.

नियमानुसार बॉलचं वजन १५५.९ ते १६३ ग्रॅम आणि घेर २२.४ ते २२.९ सेंटिमीटर लागतो. किराणावाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून पाहिले, सगळे १५८ ते १६१ मध्ये बसले. शिंप्याच्या टेपनं घेर मोजला, तोही बरोबर निघाला. स्वस्तातल्या दोन तुकड्यांच्या बॉलमध्ये हा मेळ क्वचितच बसतो.

खरी परीक्षा शिवणीची. टाक्यांच्या सहा रांगा असतात, आणि या बॉलला सहाही हातानं घातलेल्या आहेत. मशीनच्या शिलाईत मधल्या दोनच रांगा हाताच्या असतात, बाहेरच्या लवकर बसून सपाट होतात. इथं अंगठ्याचं नख आडवं फिरवलं की प्रत्येक टाका वेगळा लागतो. पहिलं आणि मधलं बोट शिवणीच्या दोन्ही बाजूंना ठेवलं की मधला उंचवटा मनगट सरळ ठेवायला भाग पाडतो. मनगट वाकडं गेलं तर बॉल हवेतच डगमगताना दिसतो, पोट्ट्याला वेगळं सांगावं लागत नाही.

असा बॉल हातात आला की मी पोट्ट्यांना डेरेक शॅकलटनची गोष्ट सांगतो. जुनी स्कोअरकार्डं वाचायचा मला नाद आहे आणि त्यात या माणसाइतका जीव कुणीच लावला नाही. इंग्लंडच्या हॅम्पशायर काउंटीचा बोलर. जन्म १९२४ चा, यॉर्कशायरमधल्या टॉडमॉर्डन गावचा. हॅम्पशायरनं घेतला तेव्हा तो बॅटिंग करणारा, थोडाफार लेग-स्पिन टाकणारा खेळाडू होता. टीमला मध्यमगती बोलरची गरज पडली आणि १९४८ पासून त्यानं ते काम अंगावर घेतलं. त्यानंतर काय केलं पाहा : १९४९ ते १९६८, सलग वीस हंगाम, दर हंगामात शंभर किंवा त्याहून जास्त विकेट. मध्ये एकही साल खाली गेलं नाही. यॉर्कशायरचा जुना बोलर विल्फ्रेड ऱ्होड्स, त्याचे शंभरीचे हंगाम तेवीस आहेत, पण ते सलग नाहीत. सलग वीस हंगाम करणारा हा एकटा. कारकिर्दीत एकूण २,८५७ विकेट, त्यातल्या २,६६९ एकट्या हॅम्पशायरसाठी, सरासरी १८.६५, म्हणजे एका विकेटमागे दिलेल्या धावा.

हे आकडे कुठल्या कामातून आले ते समजून घ्यायला पाहिजे. तेव्हा काउंटीचे सामने तीन दिवसांचे, आठवड्यात दोन, मध्ये रविवारची सुटी. पिचवर पूर्ण झाकण नसायचं, पाऊस आला की भिजायचं. आज इथं, परवा दुसऱ्या गावी, आणि दिवसाला वीस-पंचवीस ओव्हर टाकायच्या. छोटा रनअप, सोपी ॲक्शन, शिवण उभी, टप्पा तोच. वेगानं घाबरवायचं त्याच्याकडे काहीच नव्हतं. १९५५ मध्ये वेस्टन-सुपर-मेअरला सॉमरसेटच्या एका डावात त्यानं ४ धावांत ८ विकेट घेतल्या, सामन्यात २९ धावांत १४. १९६० मध्ये पोर्ट्समथला वॉरविकशायरचे ३० धावांत ९ काढले. आणि १९६१ ला हॅम्पशायर पहिल्यांदा काउंटी चॅम्पियन झालं तेव्हा बोर्नमथला डर्बीशायरच्या शेवटच्या डावात ३९ धावांत ६ विकेट त्याच्याच होत्या. तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. माझ्या मते कुठल्याही मध्यमगती बोलरनं आपलं आयुष्य याच मापानं मोजावं.

टेस्ट मात्र सातच मिळाल्या, आणि त्यात विकेट १८. त्यातली एक आपल्या दिल्लीची, नोव्हेंबर १९५१, जिच्यात विजय मर्चंटनी १५४ आणि विजय हजारेंनी नाबाद १६४ केले. नंतर अकरा वर्षांवर त्याला कुणी विचारलं नाही. १९६३ मध्ये, ३८ वर्षांचा असताना, लॉर्ड्सवर वेस्ट इंडीजविरुद्ध परत बोलावलं आणि त्यानं पहिल्या डावाच्या शेवटी चार चेंडूंत तीन विकेट काढल्या. त्याच सामन्याच्या शेवटच्या ओव्हरमध्ये तो रनआउट झाला आणि हात मोडलेला इंग्लंडचा बॅट्समन कॉलिन काउड्री नॉन-स्ट्रायकरला येऊन उभा राहिला. लोकांना तो हातच आठवतो. मला त्या टेस्टमधल्या शॅकलटनच्या सात विकेट आठवतात.

आता हा बॉल आमच्या मॅटवर कसा चालतो ते सांगतो. मॅट गवताच्या पिचपेक्षा शिवणीला जास्त पकडते. गुडलेंथवर, म्हणजे बॅट्समनला पुढं यावं की मागं राहावं कळत नाही त्या टप्प्यावर, चुन्याचं गोल आखलेलं आहे, ताटाएवढं. आमच्या नववीतल्या एका पोट्ट्यानं उभ्या शिवणीनं तिथंच टाकत ठेवलं, तर एक बॉल आत यायचा, पुढचा बाहेर निघायचा, आणि टाकणाऱ्यालाही आधी कळायचं नाही कोणता कुठं जाणार. बॅटिंग करणारा शेवटी वैतागून म्हणाला, “सर, हा काहून वळून राह्यला?” वळत नव्हता, शिवणीवर पडत होता. स्विंग मात्र पहिल्या काही ओव्हरपुरताच मिळतो, कारण काथ्या चमक खाऊन टाकतो. पंधराव्या ओव्हरपर्यंत एक बाजू खरखरीत होते. चमकीसाठी बॉल घेणाऱ्यांची त्यामुळे निराशा होईल. शिवण मात्र तिसाव्या-पस्तिसाव्या ओव्हरलाही नखाला लागते, आकारही टिकतो, आणि मला त्याचीच किंमत आहे.

कार्तिकात सकाळी खेळत असाल तर एक जपा. बॉल पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या शेतात गेला की दवानं ओला होतो, चामडं पाणी पितं आणि वजन वाढतं. फडक्यानं पुसून सावलीत ठेवा, चुलीजवळ किंवा उन्हात नको, टाके आखडतात. म्हणून डावाला एक बॉल जास्तीचा जवळ असू द्या. डबी-पाकीट साधंच येतं, त्यावर बोलण्यासारखं काही नाही.

विदर्भानं २०१७-१८ मध्ये पहिल्यांदा रणजी जिंकली तेव्हा इंदूरच्या फायनलला रजनीश गुरबाणीनं हॅटट्रिक घेतली होती. तेव्हापासून आमच्याकडच्या पोट्ट्यांना बोलर व्हायचं आहे. त्यांच्या हाती हलका प्लास्टिकसारखा बॉल देऊन लाइन-लेंथ शिकवता येत नाही, वर्गणी काढा पण हा द्या.

दुकानात गेल्यावर एक करा : पाकीट उघडून शिवण पूर्ण फिरवून पाहा, जिथं गाठ मारलेली असते तिथं टाका सैल नाही ना ते बघा, आणि बॉल फरशीवर कमरेएवढ्या उंचीवरून चार बाजूंनी टाकून उसळी सारखी येते का तपासा. दुकानदार पाकीट उघडू देत नसेल तर तिथून घेऊ नका.