जाम झालेला पुढचा शॉकअप: घरी खोलावा, गॅरेजला न्यावा की नवाच घालावा?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या गावभागात शिरलं, तेव्हा वडिलांची हिरो होंडा सीडी हंड्रेड मोटरसायकल हँडलपर्यंत बुडाली होती. पूर ओसरल्यावर इंजिन खोलून धुऊन घेतलं. पुढच्या शॉकअपकडे कुणी बघितलंच नाही. चार वर्षांनी खोलायला घेतले तर दोन्ही पाईप खालच्या टीमध्ये, म्हणजे ते आवळून धरणाऱ्या आडव्या तुकड्यात, गंजून बसलेले आणि तळाचा ॲलन बोल्ट (डोक्यात षटकोनी खाच असलेला) जागच्या जागी नुसता गरगर फिरणारा. अशी जुनी शंभर सीसीची गाडी तुमच्याकडे उभी असेल, तर तीन वाटा आहेत. कुठली धरायची ते शॉकअप नेमका कुठं अडकलाय त्यावर ठरतं.

त्याआधी पाईपची तब्येत बघा. रबरी टोपी वर सरकवा, पाईप रॉकेलच्या फडक्याने पुसा आणि तेल अडवणारा रबरी ऑइल सील जिथून वरखाली फिरतो त्या पट्ट्यावरून नख फिरवा. नख कुठं अडकलं नाही, तर सगळी मेहनत सार्थकी लागेल. अडकलं, म्हणजे क्रोम उडून खड्डा पडलाय. तिथं नवा सील काही दिवसांतच फाटणार आणि तेल परत गळणार. टीच्या आत किंवा सील पोचत नाही तिथं गंज असेल तर मात्र बिनधास्त राहा, त्याने काही बिघडत नाही.

पाईप टीमध्ये अडकलाय एवढीच अडचण असेल, तर मी डोळे झाकून घरी करा म्हणेन. इथं ताकद लागत नाही, दिवस लागतात, आणि गॅरेजवाल्याकडे नेमके दिवस नसतात. टीचा आवळणारा बोल्ट पूर्ण काढा, फटीत गंज सोडवणारा स्प्रे मारा, रात्रभर ठेवा, सकाळी परत मारा. तीन-चार दिवसांनी फटीत जाड स्क्रूड्रायव्हर हलक्या हाताने बसवून फट केसभर उघडा आणि पाईप ओढण्याआधी डावीउजवीकडे पिळा. पिळल्यावर गंजाची भुकटी गळायला लागली की पाईप सुटला म्हणून समजा. माझा डावा पाईप दुसऱ्या दिवशी निघाला, उजव्याने सहावा दिवस घेतला. तोच उजवा पाईप आधी एका गॅरेजमध्ये दाखवला होता, तेव्हा त्यांनी फटीत छिन्नी ठोकली आणि टीच्या कानाला तडा गेला. टी बदलावी लागली.

तळाच्या ॲलन बोल्टची गोष्ट उलटी. हा बोल्ट बाहेरच्या ॲल्युमिनियमच्या नळीतून वर जाऊन आतल्या डॅम्परच्या, म्हणजे उसळी आवरणाऱ्या भागाच्या, दांड्यात बसतो. त्या दांड्याला धरून ठेवणारं दुसरं काही नाही, फक्त स्प्रिंगचा दाब. बोल्ट जाम असला की दांडाही त्याच्याबरोबर फिरतो. मी वरचं बूच आणि स्प्रिंग काढून, तेल ओतून, सुटा शॉकअप पिशवीत घालून शंभर फुटी रोडला नेला. तिथले मिस्त्री म्हणाले, “स्प्रिंग काढूनच आणलायसा व्हय? आता आतला दांडा धरणार कोण, मालक?”

म्हणून चाक काढलं की पहिला हात तळाच्या बोल्टला घालायचा. बूच आणि स्प्रिंग जागेवर राहू दे. एकाने खालची नळी वर दाबून धरायची, दुसऱ्याने चांगल्या पोलादाची ॲलन चावी पूर्ण आत ठोकून झटका द्यायचा. बहुतेक छोट्या गाड्यांत ८ मिलिमीटर आट्यांचा बोल्ट आणि ६ ची चावी असते. दोन झटक्यांत सुटला नाही तर थांबा. डोकं गुळगुळीत झालं की खर्च वाढतो. गॅरेजमधली हवेची गन इथं घरच्या चावीला सहज हरवते, कारण तिचे ठोके इतके भराभर बसतात की दांडा फिरायच्या आत बोल्ट ढिला होतो. मिस्त्रींनी स्प्रिंग परत घालायला लावली, बूच आवळलं, गन टेकवली आणि क्षणात बोल्ट बाहेर. आतून दुधाळ चहासारखं तेल सांडलं: चार वर्षं मुरलेलं पुराचं पाणी. गन मिळत नसेल तर मात्र बूच आणि स्प्रिंग काढून खराट्याच्या दांड्याचं टोक तासून पाईपमधून आत दाबायचं, दांड्याचं वरचं तोंड त्याने आवळून धरता येतं. डोकं गेलंच असेल तर ड्रिलने ते उडवावं लागतं. ते काम लेथवाल्याला द्या, हात घसरला तर नळीच वाया जाते.

उष्णता देणं मला मध्यम मार्ग वाटतो. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे बाहेरची नळी गरम केली की आतली पकड सुटते. पण हॉट एअर गनच वापरा, आधी तेल काढा, आणि रॉकेल किंवा स्प्रे मारलेल्या भागाजवळ ज्योत नेऊच नका. पाईपच्या क्रोमवर तर कधीच नाही.

सील घरी निघतो, अवघड काही नाही. आधी वरची तारेची लॉक काढायची, मग पाईप बाहेर झटकायचा. पाईप व्हाइसमध्ये उघडा धरू नका.

आता नवा जोड. नख अडकलं असेल किंवा काचेवर लोळवल्यावर पाईप डुगडुगत असेल, तर सीडी हंड्रेडसारख्या गाडीला नवे पाईप घालणं मला योग्य वाटतं. जुन्यावर हार्ड क्रोम करायचं तर आधी घासणं, मग क्रोम, मग परत ग्राइंडिंग. एवढा व्याप राजदूतसारख्या सुटे भाग दुर्मीळ झालेल्या गाडीसाठीच करावा. मात्र बाहेरच्या नळ्या चांगल्या असतील तर त्या टाकू नका. नव्या जोडाच्या मोहात वडिलांच्या गाडीच्या मूळ नळ्या मी भंगारात घालणार होतो, त्या आज परत गाडीवर आहेत.

खोलायला बसण्याआधी दोन नवे ॲलन बोल्ट, तांब्याचे वॉशर आणि सीलची जोडी आणून ठेवा. बूच शेवटच्या आट्यावर आलं की तळहाताने दाबून धरा, खालून स्प्रिंग उसळते. भरताना तेल मापून घाला आणि दोन्ही बाजूंना थेंबाथेंबाने सारखं.