आठ महिने पेट्रोलियम जेली लावून स्पारिंग: काय वाचलं, काय नाही

बॉक्सिंगमध्ये स्पारिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, सुरू करून दुसराच आठवडा होता. हेडगार्ड वर सरकलेलं, समोरचीचा ग्लोव्ह भुवईवरून घासत गेला आणि कातडी उसवली. ठोसा जोराचा नव्हता. नुसत्या घासण्याने एवढं होतं हे मला तेव्हा कळलं. रक्त सरळ डोळ्यात उतरलं, समोरचं काही दिसेना. सरांनी जखम धुतली आणि एकच विचारलं, "जेली का लावली नव्हतीस?"

जखम पूर्ण भरल्यावर परत उतरले ती जेली लावूनच. आता आठ महिने झाले, आठवड्यातून तीनदा. रिंगजवळ सगळे तिला व्हॅसलिनच म्हणतात, डबी कुठल्याही कंपनीची असो.

तिचं काम समजायला भुवईवर बोट फिरवून पाहा. तिथे हाडाची कड आहे आणि वर पातळ कातडी. कोरडं चामडं त्या कातडीला पकडतं, ओढतं आणि हाडावर फाडतं. जेलीचा थर असला की ग्लोव्ह निसटतो. गालाचं हाड, नाकाचा दांडा, हनुवटी, सगळीकडे हेच. या आठ महिन्यांत माझी भुवई पुन्हा फुटलेली नाही, आणि गालावर स्पारिंगनंतर जे सोलवटल्यासारखं लाल व्हायचं, ते जवळजवळ थांबलं.

पण मुका मार तेवढाच लागतो. सरळ बसलेल्या ठोशाने डोकं हादरायचं ते हादरतंच, सूज यायची ती येतेच. हे ठळकपणे सांगते, कारण तोंड चोपडलं म्हणून हात खाली सोडणारी नवी मुलं मी पाहिली आहेत आणि त्यांची मला खरंच काळजी वाटते. जेली कातडी वाचवते. मेंदूपर्यंत पोचणारा धक्का ती अडवत नाही.

लावायचं कसं, हे शिकायला मला दोन-तीन महिने लागले. आधी घाम टॉवेलने नीट टिपायचा, ओल्या कातडीवर जेली धरत नाही. वाटाण्याएवढी जेली दोन बोटांत चोळून मऊ करायची, मग भुवयांवर केसांच्या दिशेने, गालाच्या हाडांवर, शेवटी नाकावर. पापणीला अजिबात नाही. चेहरा चमकला पाहिजे, पण पांढरा थर दिसता कामा नये. तिसऱ्या महिन्यात मी जास्तीच थापली होती. दुसऱ्या राऊंडमध्ये अंग तापलं, जेली पातळ होऊन घामाबरोबर डोळ्यात आली. डोळा चुरचुरला नाही, नजर मात्र धूसर झाली, आणि त्या धुसर नजरेत मी दोन जॅब, म्हणजे पुढच्या हाताचे सरळ ठोसे, तोंडावर घेतले. नुसत्या पाण्याने ती निघतही नाही, कपड्याने पुसावी लागते. दुसरं म्हणजे, गार्ड, म्हणजे बचावाचे हात, चेहऱ्यासमोर वर धरला की गालावरची जेली आपल्याच ग्लोव्हला लागते, आणि तिथून समोरच्याच्या डोळ्यात जाते. माझ्या जोडीदारणीला एकदा असा त्रास झाला. तेव्हापासून प्रत्येक राऊंडनंतर मी ग्लोव्हज पुसते.

मोठ्या लढतींत हे काम कटमनचं, म्हणजे खेळाडूच्या जखमा सांभाळणाऱ्या माणसाचं. त्याच्या हाताच्या मागच्या बाजूला जेलीचा गोळा लावलेला असतो, म्हणजे डबी शोधण्यात वेळ जात नाही. दोन राऊंडमधल्या एका मिनिटात तो जखम दाबून धरतो, अ‍ॅड्रेनालाइनमध्ये भिजवलेली कापसाची काडी आत लावतो, आणि वरून जेली भरतो. रक्त थांबतं ते दाबाने आणि औषधाने. जेली ती जागा झाकते आणि पुढच्या ठोशाने ती आणखी फाटू नये हे बघते. आपल्या सरावात मात्र भुवई फुटली की स्पारिंग तिथेच थांबवायचं, जेली भरून पुढे खेळायचं नाही.

कुस्ती किंवा जिउ-जित्सूला जाणाऱ्यांनी हे वेगळं लक्षात ठेवा. जिथे पकड आहे तिथे अंगाला तेलकट काही चालत नाही. ठोसे आणि पकड दोन्ही असलेल्या एमएमएमध्येही (मिक्स्ड मार्शल आर्ट्स) परवानगी फक्त चेहऱ्यापुरती. जानेवारी 2009 मध्ये यूएफसी 94 या एमएमए स्पर्धेत जॉर्ज सेंट-पिएर या खेळाडूच्या कॉर्नरमधल्या मदतनिसाचा जेलीचा हात चेहऱ्यावरून तसाच त्याच्या अंगावर गेला, आणि त्याचा प्रतिस्पर्धी बीजे पेनच्या बाजूने नेवाडाच्या क्रीडा आयोगाकडे तक्रार केली. निकाल बदलला नाही, पण त्या वादाची आठवण आजही निघते. मी स्वतः एकदा बॉक्सिंग आटोपून तशीच ग्रॅपलिंगच्या, म्हणजे पकडीच्या सरावाच्या, मॅटवर गेले. तिथल्या सरांनी मला साबणाने मान आणि चेहरा धुऊन यायला लावलं. बरोबरच केलं. मानेवर हात ठरत नसेल तर समोरच्याचा सराव फुकट जातो.

रिंगबाहेरही तिचा उपयोग होतो. ग्लोव्हच्या आत हाताला गुंडाळायची पट्टी, म्हणजे हँडरॅप, बांधण्याआधी बोटांच्या सांध्यांवर पुसटशी लावते, पट्टी घासून तिथली कातडी जायची ती आता जात नाही. मुरमांचं म्हणाल तर पहिल्या महिन्यात कपाळावर आली होती. घाम आणि मळ जेलीखाली अडकून राहत होता. स्पारिंग संपल्या संपल्या फेसवॉशने दोनदा धुवायला लागले तशी ती कमी झाली.

एक गोष्ट मी आता अजिबात करत नाही: सगळ्यांच्या मिळून एकाच डबीत बोट घालणं. जेली जंतू मारत नाही, आणि गजकर्ण किंवा फोड असलेल्या चेहऱ्यावरून बोट परत डबीत गेलं की ते पुढच्या प्रत्येकापर्यंत पोचू शकतं. मी स्वतःची ट्यूब ठेवते. कोणी मागितली तर त्याच्या बोटावर दाबून देते.