कोरसचा नितळ आवाज: अॅम्प, पेडल की हेडफोन?

ऐंशीच्या दशकातला तो नितळ, रुंद, किंचित हेलकावणारा, म्हणजे ‘कोरस’ इफेक्टचा गिटारचा आवाज हवा असेल, तर आधी एक ठरवा: तुमची गिटार शेवटी एका स्पीकरमधून ऐकू येणार की दोन? इंदूरमध्ये गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रासोबत वाजवणाऱ्याचं उत्तर वेगळं आणि तिथल्याच लोकमान्य नगरात रात्री दार लावून वाजवणाऱ्याचं वेगळं.

या आवाजाचा मूळ मानकरी म्हणजे जपानी कंपनी रोलंडचा जेसी-१२० हा अॅम्प (अॅम्प्लिफायर). १९७५ साली आलेला, व्हॉल्व्हऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणारा, ६०-६० वॅटचा, १२ इंची दोन स्पीकरांचा. कोरस चालू केला की एका स्पीकरमधून मूळ आवाज येतो. दुसऱ्यातून तोच, पण काही मिलिसेकंद उशिरा आणि सूर सतत जरासा वर-खाली होत. दोन्ही एकत्र येतात ते खोलीतल्या हवेत. पेडल (पायाने चालू-बंद करायचं इफेक्टचं खोकं) लावून एका स्पीकरच्या अॅम्पमध्ये गेलात तर हे मिसळणं वायरीतच उरकतं. गोड लागतं, पण रुंदी जाते.

मग जेसी-१२०च का घेऊ नये? कारण वजन २८ किलो. राजवाड्यामागच्या जुन्या घराच्या जिन्यावरून तो एकदा वर गेला की खाली येत नाही. कायमची तालमीची खोली असेल तरच घ्या. घरासाठी दोन छोट्या स्पीकरांचा जेसी-२२ पुरेसा, खरं तर जास्तच. जपानमधला जुना अॅम्प मिळाला तर मागची पट्टी वाचा: तिथली वीज १०० व्होल्टची, ट्रान्सफॉर्मरशिवाय लावलात तर जळेल.

पेडलमध्ये खरी लढत बॉस या रोलंडच्याच ब्रँडच्या दोघांत: सीई-२डब्ल्यू आणि सीएच-१. जेसीचं सर्किट १९७६ साली सीई-१ म्हणून वेगळ्या खोक्यात आलं. आजच्या सीई-२डब्ल्यूमध्ये सीई-१ आणि सीई-२ दोन्हींचे आवाज आहेत, नॉब फक्त दोन. सीई-१च्या मोडवर गिटार जाड आणि उबदार होते. सीएच-१ स्वस्त आणि जास्त चकचकीत. त्याला इफेक्ट लेव्हल (कोरस किती मिसळायचा) आणि ईक्यू (आवाजाचा पोत) यांचे वेगळे नॉब आहेत. मंडळाच्या स्टेजवर साउंडवाला बहुतेक वेळा सगळं मोनोच करतो, तिथे स्टिरिओसाठी मोजलेले पैसे वाया जातात. त्या माणसाने सीएच-१ घ्यावा, इफेक्ट लेव्हल कमी करता येते हाच मोठा फायदा. घरी दोन स्पीकर लावणाऱ्याने सीई-२डब्ल्यू. (‘द पोलीस’ बँडचा गिटारवादक अँडी समर्स याचा सुरुवातीचा आवाज शोधत असाल तर दोन्ही नकोत, तो मुख्यतः फ्लँजर या वेगळ्या इफेक्टचा होता.)

हेडफोनवर वाजवणाऱ्याला ऑडिओ इंटरफेस (गिटार कॉम्प्युटरला जोडणारं खोकं) आणि सॉफ्टवेअर सगळ्यात स्वस्तात पडतं. पण जेसीची नक्कल कोरडी ऐकली तर एका कानात मूळ, दुसऱ्यात हलता आवाज, असं विचित्र वाटतं. खोलीतली हवा तिथे नसते ना. थोडा रिव्हर्ब (खोलीतल्या घुमण्याचा इफेक्ट) द्या, जुळून येतं.

काहीही घ्या, दुकानात एकटं वाजवून ठरवू नका. कोणाला तरी कीबोर्डवर एक लांब स्वर धरायला सांगा आणि वरून सावकाश आर्पेजिओ (कॉर्डचे स्वर एकेक करून) वाजवा. रेटचा (हेलकाव्याचा वेग) नॉब घड्याळातल्या नऊच्या जागी, डेप्थचा (हेलकाव्याची खोली) बारावर. गिटार बेसूर वाटायला लागली की डेप्थ मागे घ्या, ट्यूनरकडे धावू नका.