मिरजेचा तंबोरा: रियाजाला नसला तरी चालेल, घरच्या बैठकीला हवा

निकाल आधीच सांगून टाकू. रोज पहाटे एकट्यानेच सूर लावायचा असेल, तर राडेल कंपनीच्या यंत्रासारखा इलेक्ट्रॉनिक तंबोरा पुरतो. तो हवेने उतरत नाही आणि पट्टी (गाण्याचा षड्ज ज्या स्वरावर धरायचा तो स्वर) बदलायला क्षणभर लागतो. पण चार माणसं घरी जमवून गाणं करायचं असेल, तर खरा तंबोरा घ्या. ज्याला गाता-वाजवता येत नाही अशा रसिकालाही बैठकीत हे एकच वाद्य धरता येतं. गायकाच्या मागे तासभर तंबोरा छेडत बसलेल्या माणसाचा कान जेवढा तयार होतो, तेवढा समोर बसून होत नाही.

मिरजेत हा धंदा एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेला आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी तो उभा केला. 2024 मध्ये तिथल्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ते छान झालं, पण दुकानात मानांकन वाजत नाही, वाद्य वाजतं.

जाण्याआधी आपली पट्टी पक्की करा. ती पेटीच्या पट्ट्यांवरून सांगतात: काळी एक म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी. काळी एकला गाणाऱ्या पुरुषाचा तंबोरा आणि काळी चारला गाणाऱ्या बाईचा तंबोरा ही जवळजवळ दोन वेगळी वाद्यं आहेत. लांबी, भोपळ्याचा घेर, तारांची जाडी, सगळं बदलतं. ‘एकच घेऊ, घरातले सगळे वापरतील’ हा विचार इथेच फसतो. काळी एकच्या तारा काळी दोनला चढवल्या तरी ताण सुमारे सव्वापट होतो. काळी तीनला नेल्या तर पावणेदोन पटींच्या पुढे. मग तार तरी तुटते नाहीतर तबली (भोपळ्यावर बसवलेली लाकडी फळी) दबते. उलट, तारा फार उतरवल्या तर त्या सैल पडून नुसत्या फडफडतात. घरात दोन पट्ट्या असतील तर जास्त वापर कोणाचा ते पाहून तंबोरा घ्या, दुसऱ्या पट्टीला यंत्र ठेवा.

दुकानात नक्षीकडे पाहू नका. पानं-वेलींनी किंमत वाढते, आवाज नाही. पाहायचं ते असं. दांडी डोळ्यासमोर आडवी धरून ती सरळ आहे का बघा. भोपळ्यावर टिचकी मारत फिरा. एखाद्या जागी आवाज बद्द आला तर आत भेग किंवा जोड असू शकतो. प्रत्येक खुंटी पिळून सोडा, ती तिथेच थांबली पाहिजे.

मग जवारी, म्हणजे तार घोडीला (तबलीवरच्या, तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीला) हलकेच घासून निघणारा लांबता नाद. खरी परीक्षा हीच, आणि घाईत हीच राहून जाते. तार आणि घोडी यांच्यामध्ये दोरा घालून तो अगदी सावकाश पुढे-मागे सरकवत तार छेडत राहा. एका ठिकाणी आवाज एकदम उघडतो, लांबतो. चारही तारांना (पंचम, षड्जाच्या दोन तारांची जोडी आणि सर्वांत खालच्या षड्जाचा खरज) अशी जागा सापडली पाहिजे. तीन उघडल्या आणि खरज बंदच राहिला, तर घोडीचा पृष्ठभाग नीट घासलेला नाही. तिथेच बसून दुरुस्त करून घ्या. खरज उत्तम लागला असेल तर तो विरताना त्यातून गांधार स्वच्छ ऐकू येतो. काळी एकचा खरज सुमारे 69 हर्ट्झचा. मोबाइलच्या स्पीकरमधून तो मूळ स्वर निघत नाही, वरचे उपस्वर तेवढे येतात. म्हणून मोबाइलवर तंबोऱ्याचं ॲप वापरणाऱ्यांनी निदान बरा स्पीकर जोडावा.

घरी जुळवताना आधी सगळे मणी (घोडी आणि लंगोट यांच्यामध्ये तारांत ओवलेले; लंगोट म्हणजे भोपळ्याच्या टोकाची, तारा अडकवायची जागा) मधोमध आणा. जोडीची एक तार खुंटीने षड्जाला लावा, दुसरी तिच्याशी मिळवा. दोन्ही एकदम छेडल्यावर येणारी लहर थांबली की जोडी जुळली. मग खरज, शेवटी पंचम. बारीक फरक मण्याने काढायचा: मणी लंगोटाकडे सरकवला की स्वर चढतो, घोडीकडे आणला की उतरतो. स्वर खुंटीने जवळ न आणता नुसता मणी ढकलत बसलात तर तो टोकाला जाऊन अडकतो. मालकंस रागाला पंचमाची तार मध्यमावर आणा, मारवा रागाला निषादावर. दोरे सगळ्यात शेवटी बसवा, कारण स्वर हलला की दोऱ्याची जागाही हलते.

बैठकीला पेटी असेल तर षड्ज पेटीवरूनच घ्या. पंचमात अडचण येत नाही. गांधारात येते: तंबोऱ्यातून निघणारा गांधार पेटीच्या गांधारापेक्षा सुमारे 14 सेंट (पेटीच्या लगतच्या दोन स्वरांमधलं अंतर 100 सेंट) उतरता असतो. पेटीवाल्याने यमनात गांधारावर ठाण मांडलं की कानाला खटकतं ते याच जागी. समजूतदार साथीदार तिथे हात हलका ठेवतो.

छेडायला बसवलेल्या नवख्याला एवढंच सांगा: मधलं बोट पंचमाला, बाकी तिन्ही तारांना तर्जनी, नख न लावता. तबल्याच्या लयीत छेडायचं नाही. ही सूचना विसरलात तर तीनतालात तंबोराही ठेका धरतो, हमखास.

तक्रारी आहेतच. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, कोरड्या हवेत निसटतात. निसटणाऱ्या खुंटीला खडू लावा. अमेरिकेत हिवाळ्यात हीटिंग चालू असलेल्या खोलीत लाकूड तडकू शकतं, तिथे हवेत ओलावा देणारं यंत्र ठेवायला हवं. वापराने घोडीवर तारांच्या खाचा पडतात आणि आवाज चरचरतो. ते काम कारागिराचंच, कानस घेऊन स्वतः बसू नका. प्रवासात तारा थोड्या उतरवा आणि भोपळ्याखाली जाड गादी द्या. विकत घेतानाच आपल्या पट्टीच्या तारांचे दोन जादा संच मागून घ्या, आणि दुकानदाराकडून त्यांचे गेज (तारांची जाडी) पावतीच्या मागे लिहून घ्या.