लहान घरात कोणतं चित्र न्यावं: रविवर्मा प्रेसची लक्ष्मी की वारली?

निवृत्तीनंतर वन बीएचकेमध्ये जाताना मोठ्या चित्राला भिंत एकच उरते. राजा रविवर्मांच्या चित्रांच्या छापील प्रती काढणाऱ्या मळवलीच्या रविवर्मा प्रेसची लक्ष्मी आजीच्या देवघरातली, चित्रातल्या साडीच्या काठावर आजीनंच केलेलं जरीकाम. पण काचेची चौकट जड, कागद कडांना ठिसूळ. पावसाळ्यातली ओल त्याला सोसत नाही. शंभरी उलटलेली असेल तर १९७२च्या पुरावस्तू कायद्यामुळे परदेशातल्या मुलांकडेही पाठवता येत नाही.

वारली चित्र कापडावरचं, गेरूवर तांदळाच्या पिठाचं. सैल गुंडाळलं की निघालं, घडी मात्र घालू नये. डहाणूकडचे चित्रकार आजही तशी चित्रं काढतात. पण आजीच्या हातचं जरीकाम पुन्हा मिळणार नाही. मी लक्ष्मीच ठेवेन, बाहेरच्या भिंतीपासून दूर, मागे आम्लमुक्त, म्हणजे कागद पिवळा न पाडणारा, पुठ्ठा लावून. वारली भाचीला.