सिनेमा निवडताना आकडा बघावा की कुणाच्या चार ओळी?

काय बघायचं हे ठरवणाऱ्यांचे माझ्या ओळखीत दोन पंथ आहेत. एक पंथ इंटरनेटवर सिनेमाचं नाव शोधतो, शेजारचा दहापैकी गुणांचा आकडा बघतो आणि तो सात-साडेसाताच्या वर असला की तिकीट काढतो. दुसरा पंथ तो सिनेमा नुकताच बघून आलेला माणूस गाठतो, किंवा त्याने लिहिलेल्या चार ओळी वाचतो आणि त्यावरून ठरवतो. मी बरीच वर्षं पहिल्या पंथात होतो, आता बहुतांशी दुसऱ्यात आहे. तुम्ही अजून मधेच कुठेतरी असाल तर माझा अनुभव कदाचित कामी येईल. समीक्षकांचे मोठे लेख इथे बाजूला ठेवतोय. ते मी आवडीने वाचतो, पण सिनेमा बघून झाल्यावर.

आधी आकड्याची बाजू घेऊ, कारण ती लेचीपेची नाही. आकडा क्षणात मिळतो, कथेतलं काही फोडत नाही आणि आपण कधी भेटणारही नाही अशा हजारो लोकांचा कल सांगतो. तळाकडे तर तो सहसा खराच ठरतो. भरपूर लोकांनी मत देऊनही एखादा सिनेमा चाराच्या खाली राहिला असेल, तर तो मला मनापासून आवडल्याचं उदाहरण क्वचितच आठवतं. वाईट सिनेमे गाळायला आकडा उत्तम आहे, याबद्दल माझं दुमत नाही.

मात्र तो आकडा नेमका कशाचा, हे घाईत विसरायला होतं. समीक्षकांची परीक्षणं एकत्र करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या वेबसाइटची टक्केवारी घ्या. सिनेमा किती चांगला हे ती सांगतच नाही. किती टक्के समीक्षकांचं मत एकंदरीत अनुकूल पडलं, एवढंच सांगते. ६० टक्के किंवा त्याहून जास्त परीक्षणं अनुकूल असली की सिनेमाला पसंतीची खूण म्हणून लाल टोमॅटो मिळतो. म्हणजे शंभर जणांनी ‘बरा आहे, एकदा बघायला हरकत नाही’ असं म्हटलं तरी तिथे १०० टक्के दिसणार. आणि साठ जणांनी डोक्यावर घेतलेला, चाळीस जणांनी झिडकारलेला सिनेमा ६० वरच अडकणार. मला स्वतःला या दुसऱ्या सिनेमाची ओढ जास्त. ज्यावर लोक भांडतात त्यात बहुधा काहीतरी असतं.

मेटाक्रिटिक ही तशीच दुसरी वेबसाइट परीक्षणांच्या गुणांची सरासरी काढते, पण सगळ्या परीक्षणांना सारखं वजन देत नाही, आणि कुणाला किती वजन तेही उघड करत नाही. आयएमडीबी या वेबसाइटवरचा प्रेक्षकांच्या मतांचा दहापैकीचा आकडाही साधी सरासरी नव्हे. कुणी ठरवून मतांचा मारा केला तरी आकडा फार हलू नये म्हणून त्यांनी आपली पद्धत गुप्त ठेवली आहे. यात गैर काहीच नाही. फक्त तीन ठिकाणचे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवून ‘इथे जास्त, तिथे कमी’ असा हिशेब मांडण्यात फारसा अर्थ उरत नाही. लेटरबॉक्स्ड या सिनेमाप्रेमींच्या वेबसाइटवर निदान अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत मतं कशी विखुरलीत त्याचा आलेख दिसतो. आकडाच बघायचा असेल तर मी आधी तो आलेख बघतो. दोन्ही टोकांना मतं साचलेली असली की माझी उत्सुकता वाढते.

आणि मत देतं कोण, हाही प्रश्न आहेच. अमेरिकेत सिनेमास्कोअर नावाची कंपनी आहे. प्रदर्शनाच्या पहिल्या रात्री थिएटरमधून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून ती मतं भरून घेते आणि ए-प्लसपासून एफपर्यंत श्रेणी देते. १९७९ पासून हे काम चालू आहे. तिथे निदान सिनेमा खरंच बघितलेली माणसं असतात. पण पहिल्याच रात्री येणारा प्रेक्षक म्हणजे मुळात त्या सिनेमाची वाट बघत असलेला प्रेक्षक, त्यामुळे ती श्रेणी त्याची अपेक्षा पुरी झाली का एवढंच सांगते. भयपटांना तिथे बऱ्याचदा खालची श्रेणी मिळते. अस्वस्थ होऊन बाहेर पडलेला माणूस लगेच उदार होत नाही, इतकाच मी त्याचा अर्थ लावतो. दुसऱ्या टोकाला, न बघताच मत देणाऱ्यांचा उपद्रव असतो. २०१९ मध्ये रॉटन टोमॅटोजने प्रदर्शनापूर्वीच्या प्रेक्षक-प्रतिक्रिया बंद केल्या आणि त्याच वर्षी तिकीट काढल्याची खात्री झालेल्या प्रेक्षकांची मतं वेगळी दाखवायला सुरुवात केली.

एकाच माणसाचे तारेसुद्धा स्थिर नसतात. नेटफ्लिक्सने २००६ मध्ये १० लाख डॉलरचं बक्षीस लावलं होतं. कोणता प्रेक्षक कोणत्या सिनेमाला किती तारे देईल याचा अंदाज त्यांच्या पद्धतीपेक्षा १० टक्के जास्त अचूक करून दाखवायचा होता. २००९ मध्ये ते बक्षीस जिंकणाऱ्या गटाने एक गोष्ट हिशेबात धरली होती: माणसाच्या ताऱ्यांची पट्टी काळानुसार सरकते, अगदी दिवसादिवसालाही बदलते. आज हात सैल, उद्या आखडता. पुढे २०१७ मध्ये नेटफ्लिक्सने तारेच काढून टाकले आणि आवडलं-नावडलं सांगणारा वर-खाली अंगठा आणला. तरीही आपण सात पॉइंट एक आणि सात पॉइंट चार यांतला फरक बघून संध्याकाळ ठरवतो.

आता चार ओळींकडे येतो. ‘मध्यंतरापर्यंत फारसं काही घडत नाही, पण त्या घरातली माणसं ओळखीची वाटायला लागतात. शेवट घाईत उरकलाय.’ हे वाचून मला तीन गोष्टी कळल्या: वेग कसा आहे, जीव कशात आहे आणि कुठे हिरमोड होऊ शकतो. हा सिनेमा आज थकून आलेलो असताना बघायचा की सुट्टीच्या दिवशी, हेही मी ठरवू शकतो. आकड्यातून यातलं काही कळत नाही.

शिवाय सांगणाऱ्याची सवय हळूहळू कळत जाते, आणि माझ्या मते खरी किंमत तिचीच आहे. माझा एक मित्र आहे. त्याला संथ सिनेमा सोसवत नाही, पडद्यावर कुणी खिडकीबाहेर बघत बसलं की तो चुळबुळ करू लागतो. त्याने ‘रटाळ आहे रे, काही होतच नाही’ म्हटलं की मी कान टवकारतो, कारण तसे सिनेमे मला आवडतात. आमची आवड जुळत नाही, तरी त्याच्या मतासारखं उपयोगी मत दुसऱ्या कुणाचं नाही. तो दर वेळी त्याच जागी कंटाळतो, प्रामाणिकपणे कंटाळतो आणि तसं सांगतो. माझी मावशी याच्या अगदी उलट. ती चांगला-वाईट असं काही बोलतच नाही. कुणाची दया आली, कुणाचा राग आला एवढंच सांगते. तिला एखाद्या खलनायकाची दया आली असेल तर तो सिनेमा मी सोडत नाही. आवड जुळणारी माणसं शोधण्यापेक्षा ज्यांचा कल आपल्याला नीट ठाऊक आहे अशी माणसं जवळ असलेली बरी, असं मला वाटू लागलंय.

तरी एवढ्यानेही माझं पारडं झुकलं नसतं. ते झुकलं एका कटकटीमुळे. सिनेमा निवडून झाला की आकड्याचं काम संपायला हवं, पण तो जात नाही. तो आपल्याबरोबर आत येतो आणि शेजारच्या खुर्चीवर बसतो.

एक कौटुंबिक सिनेमा मी फार वरचा आकडा बघून लावला होता. शांत, नीटस, छोट्या छोट्या प्रसंगांचा. एरवी मी त्यात रमलो असतो. पण पहिला तासभर मी वाट बघत होतो. एवढा आकडा आहे म्हणजे पुढे काहीतरी जबरदस्त येणार. आता येईल, पुढच्या प्रसंगात येईल. समोर एक बाई गप्प बसून कपड्यांच्या घड्या घालत होती, तो प्रसंग सुंदर होता आणि मी मनातल्या मनात त्याला गुण देत बसलो होतो. सिनेमा संपल्यावर ‘इतका काही नाही’ असं म्हणत उठलो. इतका म्हणजे किती? आकड्याइतका. सिनेमाने काही कबूलच केलं नव्हतं.

उलटंही होतं, आणि ते जास्त खटकतं. साडेपाचाचा एखादा विनोदी सिनेमा लागलेला असतो. एका प्रसंगाला मी खळखळून हसतो आणि लगेच वाटतं, मग याला साडेपाचच का? पुढे बिघडत असेल. मग पुढे कुठे बिघडतंय ते मी शोधत बसतो. शोधलं की सापडतंच. जो आनंद नुकताच झाला होता त्याच्यावर संशय घ्यायला आकडा शिकवतो, आणि हे मला अजिबात नको होतं. सगळ्यांना असं होत असेल असा माझा दावा नाही. आकडा बघून दुसऱ्या मिनिटाला विसरणारी माणसं मी पाहिली आहेत. तुम्ही तसे असाल तर माझा हा मुद्दा तुमच्यासाठी बाद.

कुणी म्हणेल, चार ओळीही डोक्यात राहतातच की. राहतात. पण त्या एका जागेपुरत्या राहतात. ‘शेवट घाईत उरकलाय’ हे माहीत असलं तर मी शेवटाजवळ जरा सावध होतो, बाकीचा सिनेमा माझ्याकडे मोकळा असतो. ‘पहिला अर्धा तास धीर धरा’ असं कुणी सांगितलं असेल तर तो अर्धा तास मी खरंच धीराने बघतो, मोबाइलकडे हात जात नाही. आकडा मात्र पहिल्या दृश्यापासून श्रेयनामावलीपर्यंत सगळ्यावर पसरलेला असतो.

बाहेर आल्यावरच्या गप्पांमध्येही हे जाणवतं. ‘मी सात देईन’ असं कुणी म्हटलं की पुढे काय बोलायचं? समोरचा ‘मी साडेसहा’ म्हणतो आणि विषय संपतो. ‘तिने ते पत्र फाडायला नको होतं’ असं कुणी म्हणालं की त्यावरून अर्धा तास वाद रंगतो.

चार ओळींचेही दोष आहेत आणि त्यातला एक गंभीर आहे. लोक फोडतात. मुद्दाम नाही, उत्साहात. ‘शेवटी काय धक्का दिलाय, मी काही सांगत नाही’ असं म्हणणाऱ्याने सगळं सांगून टाकलेलं असतं, कारण आता मी पहिल्या मिनिटापासून धक्का शोधत बसणार. म्हणून रहस्यपट असेल तर मी अजूनही आकडाच बघतो, तोही एकदाच ओझरता, आणि कुणाशी बोलत नाही. तिथे आकड्याचं मुकेपण कामाला येतं. दुसरा दोष उत्साहाचा. थिएटरच्या दारातून लिहिलेलं मत आणि दोन दिवस जाऊ दिल्यावरचं मत यांत मला बराच फरक दिसतो. दारातलं मत पार्श्वसंगीताच्या जोरावर असतं. शक्य असेल तर मी दोन दिवसांनंतरचं मत विचारतो. आणि अशी माणसं जमवायला वेळ लागतो, हे तर उघडच आहे. आकड्याला ओळख लागत नाही.

त्यामुळे तुमची गरज काय, यावर थोडं अवलंबून आहे. आठ-दहा जणांना एकत्र जायचं असेल, त्यात लहान मुलं, म्हातारी माणसं असतील आणि कुणीच फार नाराज होऊ नये एवढीच अपेक्षा असेल, तर आकड्यावर जा. शंभर टक्क्यांचा ‘बरा आहे’ अशा वेळी हवाच असतो. वर मुलं घेऊन जाऊन आलेल्या कुणाची एखादी ओळ मिळाली तर उत्तम, कारण कोणता प्रसंग लहानांना घाबरवेल ते आकड्यात नसतं. खूप जुना, अनेक पिढ्यांनी बघितलेला सिनेमा असेल तर त्याचा आकडा बऱ्यापैकी स्थिरावलेला असतो, त्यावर विसंबायला हरकत नाही. पण नवा सिनेमा, पहिला आठवडा आणि तुम्ही एकटे किंवा दोघं जाणार असाल, तर मी चार ओळींकडेच बोट दाखवीन. त्या आठवड्यात आकडा चाहते आणि विरोधक यांच्या ओढाताणीत असतो, बघून आलेला एक माणूस मात्र शांतपणे काहीतरी सांगू शकतो.

त्याला ‘कसा आहे?’ असं मात्र विचारू नका. उत्तर ‘मस्त’ किंवा ‘ठीक’ येतं, म्हणजे पुन्हा एक आकडाच. ‘कंटाळा कुठे आला?’ असं विचारा. या प्रश्नावर माणूस थांबतो, आठवतो आणि नेमकं सांगतो. चांगलं काय होतं तेही त्याच ओघात येतं. ‘कुठेच नाही’ असं उत्तर आलं आणि सांगणारा माझा तो चुळबुळ्या मित्र असला, तर मी त्याच दिवशी तिकीट काढतो.

आकडा मी पूर्ण सोडलेला नाही. सिनेमा बघून झाल्यावर बघतो, कुतूहल असतंच. पण त्याआधी मला काय वाटलं ते दोन ओळींत कुणाला तरी पाठवून ठेवतो. आकडा आधी बघितला तर लिहिताना हात अडखळतो आणि त्या दोन ओळी आकड्याच्या बाजूला सरकायला लागतात.