वन-बाय की टू-बाय? समुद्राकाठच्या डोंगरजंगलात फिरणाऱ्यांसाठी

ग्रॅव्हल बाइक (कच्च्या रस्त्यांसाठीची रुंद टायरची सायकल) घ्यायचं ठरलं, फ्रेम ठरली, टायरची रुंदीही ठरली, आणि आता पुढे, पेडलपाशी, एक चेनरिंग (चेन ओढणारी दातेरी चकती) हवी की दोन, म्हणजे वन-बाय की टू-बाय, इथे गाडी अडली आहे. तुम्ही या टप्प्यावर असाल तर माझा अनुभव कदाचित कामी येईल. मी आधी दोन वर्षं वन-बाय चालवली. पुढे ४० दातांची एक चेनरिंग, मागे ११-४२ ची ११ स्पीड कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावर ११ ते ४२ दातांच्या अकरा चकत्यांचा संच. मग त्याच फ्रेमवर ४६/३० ची दुहेरी क्रँक (पेडलचे दांडे आणि त्यांवरच्या दोन चेनरिंग) आणि ११-३४ कॅसेट चढवली. वाटा त्याच राहिल्या, टायर ४० मिलिमीटरचेच राहिले, चालवणाराही तोच. त्यामुळे फरक जाणवला तो बहुतेक गिअरचाच असावा, असं मी धरून चालतो.

आधी भूगोलाबद्दल थोडं, कारण माझा निर्णय त्यावरच ठरला. समुद्राजवळचे डोंगर फार उंच नसतात, पण ओढ्यांनी ते चिरत नेलेले असतात. त्यामुळे एक लांबलचक घाट मिळत नाही. पंधरा मिनिटांचा खडा चढ, लगेच उतार, खाली ओढा, की पुन्हा चढ. जंगलात मुळं, सुटे दगड, सावलीत न वाळलेला चिखल. किनाऱ्याकडे उतरलं की वाळू. आणि झाडी संपून उघड्या माळावर आलं की वारा.

जंगलाच्या भागात वन-बायला तोड नाही, हे आधीच मान्य करतो. वळण घेतलं आणि समोर एकदम भिंतीसारखा चढ उभा राहिला, तर उजव्या हाताने दोन-तीन गिअर खाली टाकायचे आणि निघायचं. पुढे बदलायला गिअरच नसल्याने डाव्या हाताला विचारच करावा लागत नाही. तो हँडल धरायला मोकळा राहतो, आणि मुळांवरून जाताना तो मोकळा असणं फार मोलाचं आहे. चेनरिंगचे दात एकाआड एक जाड-बारीक असतात, चेनच्या बाहेरच्या आणि आतल्या कड्यांत ते घट्ट बसतात. त्यात मागच्या डिरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रणेला) क्लच, म्हणजे चेन ताणून धरणारी सोय, असेल तर दगडधोंड्यांच्या उतारावरही चेन जागची हलत नाही. सायकलचे भाग बनवणाऱ्या एसरॅम कंपनीने २०१२ मध्ये माउंटन बाइकसाठी हे दात आणले, तेव्हापासून वन-बायबद्दलची मुख्य शंका मिटली असं म्हणायला हरकत नाही. दोन वर्षांत माझी चेन एकदाही पडली नाही.

टू-बायवर आल्यावर पहिल्याच महिन्यात ती पडली. ओढा ओलांडून चढाच्या तोंडाशी आलो, पेडलवर पूर्ण जोर असताना लहान चेनरिंगवर टाकायला गेलो, आणि चेन आत, बॉटम ब्रॅकेटवर, म्हणजे फ्रेममध्ये क्रँकचा आस बसतो त्या जागी. फ्रेमला ओरखडा पडला तो अजून आहे. चूक माझीच होती. पुढचा गिअर जोर द्यायच्या आधी बदलायचा असतो, चढ पायाला लागल्यावर नाही. ही सवय लागायला मला पाच-सहा फेऱ्या लागल्या. शिवाय आतल्या बाजूला चेन अडवणारा छोटा दांडा लावून घेतला. त्यानंतर असं घडलेलं नाही, पण दर चढाआधी अर्धा क्षण विचार करावा लागतो, हे खरंच आहे.

खाऱ्या हवेचा मुद्दा बरेच जण काढतात. टू-बायवर पुढचा गिअर बदलणारा फ्रंट डिरेलर चाकाच्या तोंडाशीच असतो. टायर उडवेल ती वाळू, चिखल आणि सुईसारखी वाळकी पानं थेट त्याच्या सांध्यांत जाऊन बसतात. किनाऱ्याच्या हवेत दोन आठवडे सायकल न धुता ठेवली की त्याची डावी कळ जड झालेली कळते. केबलच्या आवरणात मीठ शिरतं आणि आतली तार घासायला लागते. मी आता पावसाळ्यानंतर एकदा आणि मध्ये एकदा डावी केबल बदलतो, आणि दर फेरीनंतर गोड्या पाण्याने हलका धुवून सांध्यांवर तेलाचा एकेक थेंब सोडतो. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते वन-बायवाल्याला करावंच लागत नाही. इलेक्ट्रॉनिक शिफ्टिंग घेणार असाल तर केबलचा प्रश्न संपतो आणि पुढचा गिअरही सहज पडतो. माझ्याकडे ते नाही, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही.

इथवर पारडं वन-बायकडे झुकलेलं दिसेल. मलाही दोन वर्षं तसंच वाटत होतं.

मग बदललं कशामुळे? वाऱ्यामुळे, आणि खरं सांगायचं तर कॅसेटवरच्या दोन चकत्यांमुळे.

किनाऱ्यावर सकाळी वारा पडलेला असतो. ऊन चढलं की जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, जमिनीवरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा येतो. दुपारी त्याचा जोर सर्वांत जास्त असतो. माझ्या नेहमीच्या फेरीत सकाळी जंगलातून वर जायचं आणि दुपारी किनाऱ्याच्या माळावरून परत यायचं. म्हणजे परतीचा जवळजवळ दीड तास वारा तोंडावर. चढ पंधरा मिनिटांत संपतो. हा वारा घर येईपर्यंत संपत नाही.

अशा वाऱ्यात सपाट कच्च्या रस्त्यावर माझा वेग ताशी १८ किलोमीटरच्या आसपास राहतो. ११-४२ कॅसेटचे दात असे: ११, १३, १५, १७, १९, २१, २४, २८, ३२, ३७, ४२. पुढे ४० असताना या वेगाला मी नेमका २४ आणि २८ यांच्या मध्ये सापडायचो. २४ वर पेडल मिनिटाला साधारण ८२ वेळा फिरतात, आणि तोच वेग ठेवून २८ वर गेलं की ९५ वेळा. मला हवे असतात ८७-८८. ८२ ला गुडघ्यांवर ताण यायचा, ९५ ला श्वास चढायचा. मग दर मिनिटाला एकदा खाली, एकदा वर. वाऱ्याचा झोत आला की २८, ओसरला की २४, पुन्हा झोत. दीड तास. सोबतचे टू-बायवाले एकाच लयीत चाललेले असायचे आणि मी त्यांच्या चाकामागून दर थोड्या वेळाने सुटायचो. घरी आल्यावर मांड्या नव्हे, डोकं थकलेलं असायचं.

चढावर हीच उडी का खुपत नाही, याचाही मी बराच विचार केला. चढाचा उतारकोन दर दहा-वीस मीटरला बदलतो, त्यामुळे १७ टक्क्यांची उडी त्यात मिसळून जाते. पाय तसेही सतत जुळवून घेत असतात. वाऱ्यात मात्र विरोध तासभर तोच आणि तिथेच असतो. शिवाय हवेचा रोध सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग थोडा वाढवून जड गिअर पकडावा म्हटलं, तर ते ‘थोडं’ फार महाग पडतं. लांब सपाट वाऱ्यात माणूस एका अरुंद पट्ट्यात अडकतो, आणि माझ्या कॅसेटचं मोठं भगदाड नेमकं त्या पट्ट्यात होतं.

११-३४ चे दात २१ पर्यंत तेच आहेत. म्हणजे वेगवान गिअरांत दोन्हींत काही फरक नाही, हे लक्षात घ्या. फरक पुढे सुरू होतो: २३, २५, २७, ३०, ३४. ४६ च्या चेनरिंगवर त्याच १८ च्या वेगाला २७ वर ८०, ३० वर ८९. आणि लहान चेनरिंगवर १९ टाकला तर ८६. वारा थोडा कमी होऊन वेग २० ला गेला तर २५ वर ८२ आणि २७ वर ८९. म्हणजे कुठे ना कुठे मनासारखा गिअर मिळतोच. पहिल्या दुपारी मी माळ ओलांडून खाली उतरलो तेव्हा लक्षात आलं की शेवटचा बराच वेळ आपण शिफ्टरला हातच लावलेला नाही. त्या दिवशी माझ्यापुरता निकाल लागला.

तुम्ही म्हणाल, आता १२ आणि १३ स्पीडच्या कॅसेट आल्या, भगदाडं बुजली असतील. काही प्रमाणात हो. पण दातांची रांग एकदा नीट वाचा. एसरॅमच्या १०-४४ च्या १२ स्पीड कॅसेटमध्ये वाढलेला दात १० चा आहे, म्हणजे वेगाच्या टोकाला. २१, २४, २८, ३२ हे चौघे आहेत तिथेच आहेत. जास्त चकत्या म्हणजे तुमच्या वेगाला बारीक पायऱ्या, असं गृहीत धरू नका. पुढची चेनरिंग लहान करून मागे दाटीची कॅसेट हाही एक मार्ग आहे. मित्राच्या सायकलवर ३८ आणि ११-३६ असं पाहिलं. वाऱ्यात छान, पण खड्या सुट्या चढावर त्याला उतरून ढकलावं लागलं.

चढांपुरतं बोलायचं तर सर्वांत हलका गिअर टू-बायवर ३०/३४ आणि माझ्या जुन्या वन-बायवर ४०/४२. टू-बाय सुमारे ७ टक्के हलका पडतो. सामान लादून रात्रीच्या मुक्कामाला निघालो तेव्हा हे ७ टक्के जाणवले. रिकाम्या सायकलवर फारसे नाही, आणि सुट्या खडीवर फार हलका गिअर टाकला तर मागचं चाक जागीच फिरतं. वरच्या टोकाला ४६/११ मिळतो याचं मला अप्रूप नाही. कच्च्या उतारावर हात ब्रेकवरच असतात.

तुमचा बहुतेक वेळ झाडांखाली जात असेल, माळावर आणि किनाऱ्यावर यायचंच नसेल, तर मी सांगतो म्हणून टू-बाय घेऊ नका. वन-बाय घ्या, डाव्या हाताला ड्रॉपर पोस्टची (चालवताना सीट खाली-वर करणाऱ्या दांड्याची) कळ लावा, मजेत फिरा. सायकल धुवायचा कंटाळा असेल तरीही तेच. पण जाताना जंगल आणि येताना वारा अशी फेरी असेल, एकट्याने न जाता कोणाच्या तरी सोबतीने लय धरून चालवायची असेल, आणि गुडघे कुरकुरत असतील, तर दुसऱ्या चेनरिंगचा विचार मोडीत काढण्याआधी थांबा, एवढंच माझं नम्र म्हणणं.

एक व्यवहाराची गोष्ट. नंतर बदलू असं म्हणून वन-बाय घेणार असाल, तर बदलताना फक्त क्रँक आणि डावा शिफ्टर पुरत नाही. ११-४२ साठीचा मागचा डिरेलर दुहेरी मांडणीसाठी बहुधा चालत नाही, तोही बदलावा लागतो. फ्रेमवर फ्रंट डिरेलर बसवायची जागा आहे का, हेही आधीच पाहा. कित्येक नव्या फ्रेमवर ती नसते. आणि रोड बाइकचा पडून असलेला फ्रंट डिरेलर वापरायचा मोह आवरा. शिमानो कंपनीने २०१९ मध्ये जीआरएक्स ही ग्रॅव्हल बाइकच्या भागांची मालिका आणली तेव्हा रुंद टायरला जागा मिळावी म्हणून चेनलाइन (फ्रेमच्या मध्यापासून चेनरिंगचं अंतर) २.५ मिलिमीटर बाहेर सरकवली, त्यामुळे त्या क्रँकला त्याच मालिकेतला डिरेलर लागतो.

चाचणी घ्यायची तर सकाळच्या गारव्यात जंगलात घेऊ नका, तिथे वन-बायच आवडेल. कोणाची तरी सायकल दुपारी तीनच्या सुमारास मागून घ्या, उघड्या माळावर वारा तोंडावर घेऊन अर्धा तास चालवा, आणि २४ वरून २८ वर नि २८ वरून २४ वर बोट किती वेळा जातं ते मोजा.